संत्र्याची बाग आणि देवाचा पैसा

(देवस्थानच्या वर्धापनदिनानिमित्त पांढुर्णा येथे महाजन कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



प्रथम आपल्या सर्वांच्या आराध्यदैवतास वंदन करतो आणि ज्या पूर्वजांनी हे देऊळ उभे केले व राखले, त्यांचे स्मरण करतो. मी व्यासपीठावरचा वक्ता नव्हे. माझे आयुष्य जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात गेले, आणि निवृत्तीनंतर उरलेला वेळ वडिलार्जित शेताच्या बांधावर जातो. मंडळाने मला विषय दिला तो असा : ज्या अर्थव्यवस्थेत धूर कमी आणि टिकाऊपणा अधिक, तिच्यासाठी आपण पैसा कसा गुंतवावा? विषय ऐकून आमच्या घरी प्रश्न आला, "अहो, हे दिल्लीच्या परिषदेत बोलायचे. देवळात कशाला?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचाच आज यथामती प्रयत्न करणार आहे.

महाजन या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. एक, गावाने ज्याचा शब्द मानावा असा मोठा माणूस; आणि दुसरा, जुन्या बाजारपेठेत नडलेल्यास भांडवल पुरविणारा. देवस्थानचे महाजन या दोन्ही अर्थांनी महाजन असतात. देवाचा पैसा त्यांच्या हाती असतो आणि तो कोठे ठेवावा हे त्यांना ठरवावे लागते. तो पेटीत ठेवला तरी तो एक निर्णयच असतो. तेव्हा गुंतवणूक हा विषय देवळाबाहेरचा मुळीच नाही. प्रश्न एवढाच की, तो पैसा उद्याच्या कोणत्या जगाला हातभार लावतो.

गुंतवणूक म्हणजे काय, हे पांढुर्ण्या-सौंसरच्या माणसाला पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. ते आपल्याला संत्र्याच्या बागेने शिकविले आहे. जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमे आणावी, एकरी शंभर-सव्वाशे लावावी, आणि मग पाच वर्षे नुसता खर्च करीत राहावे. खड्डे, खत, ओलित, राखण! या पाच वर्षांत बाग एक पैसा देत नाही. शेजारी कापूस विकून मोकळा होतो आणि आपण पाण्याच्या पाळीसाठी रात्री जागत असतो. परंतु बाग एकदा धरली की पुढे कित्येक वर्षे ती घर चालवते, मुलीचे लग्न करते, मुलाला नागपुरास शिकावयास धाडते. ज्याला पाच वर्षे थांबता येत नाही त्याने बाग लावू नये, असे माझे वडील म्हणत. आजचा माझा सारा विषय या एका वाक्यात आहे.

पण वडिलांच्याच बागेने मला दुसराही धडा दिला. आमच्या विहिरीला पाणी होते तोवर बाग हिरवी होती. मग शिवारात एकाने बोअर खोदले, ते पाहून दुसऱ्याने अधिक खोल खोदले, आणि आम्हीही त्यांतच होतो. एका उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. आंबिया बहाराची फळे सुपारीएवढी झाली होती ती गळाली, आणि त्यानंतरच्या वर्षी झाडेच वाळली. वडिलांनी स्वतः उभे राहून ती तोडविली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पैसा घातला होता, कष्ट घातले होते, वाटही पाहिली होती. पण ज्या पाण्याच्या भरवशावर हे सारे उभे होते, ते भांडवल आम्ही सर्वांनी मिळून खाऊन टाकले होते. व्याज खावे, मुद्दल राखावे हा सावकारीतला पहिला नियम आम्ही जमिनीच्या बाबतीत विसरलो.

आता हीच गोष्ट आकाशाच्या बाबतीत पाहा. आपला मुलूख नकाशावर मोठ्या चमत्कारिक जागी आहे. उत्तरेकडे गेलो की परासिया आणि जुन्नारदेवच्या बाजूस पेंच-कन्हानच्या कोळसा खाणी लागतात. वायव्येस बैतूल जिल्ह्यात सारणीचे औष्णिक वीज केंद्र आहे. दक्षिणेस नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहे. या साऱ्यांच्या मधोमध जाम आणि कन्हान या नद्यांच्या खोऱ्यांत आपली संत्री पिकतात. आपल्या घरांतील दिवे त्या कोळशावर लागले, आपल्या विहिरींवरचे पंप त्यावर फिरले, आणि आपल्यापैकी काही कुटुंबांच्या ताटातली भाकरीही खाणीतून आली. म्हणून कोळशाला शिव्या देण्यास मी उभा नाही. ज्याच्या उजेडात आपण शिकलो त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे होईल.

तथापि हिशेब हा हिशेबच असतो. देशाच्या वीजजाळ्यातून येणारे एक युनिट वापरले की सरासरीने सुमारे ७०० ग्रॅम कर्बवायू, म्हणजे ज्यास आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो तो, हवेत जातो. तो पृथ्वीभोवती पांघरुणासारखा साठतो आणि सूर्याची ऊब अडवून धरतो. याचा परिणाम संत्र्याच्या शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही. आपला सारा धंदा ऋतूंच्या वक्तशीरपणावर आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबरची थंडी हवी, मृग बहारासाठी उन्हाळ्यात ताण आणि जूनमध्ये वेळेवर पाऊस हवा. थंडी पडली नाही, मृग कोरडा गेला किंवा फळ धरल्यावर अवकाळी पाऊस व कडक ऊन आळीपाळीने आले, तर शेतकऱ्याने केलेली सर्व मेहनत फळगळीत जाते. ऋतूंचे वेळापत्रक हेही आपले मुद्दलच होय, आणि तेही आता आपण खाऊ लागलो आहोत.

आपल्या देशाने ही गोष्ट ओळखली आहे. २०२१ च्या नोव्हेंबरात ग्लासगो येथील परिषदेत भारताने २०७० पर्यंत कर्बवायूचा निव्वळ उत्सर्ग शून्यावर आणण्याचा संकल्प जाहीर केला. २०२५ च्या मध्यापर्यंत देशातील वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांवाचून चालणारी झाली. हे यश लहान नव्हे. परंतु त्यातली एक मेख हिशेबनीसाने सांगितलीच पाहिजे. क्षमता निम्मी झाली, याचा अर्थ वीज निम्मी झाली असा नव्हे. सूर्य रात्री तळपत नाही आणि वारा रोज सारखा वाहत नाही, म्हणून प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेपैकी फार मोठा भाग त्या वर्षीही कोळशाचाच होता. काम सुरू झाले आहे, संपलेले नाही. आणि पुढच्या कामाला भांडवल लागणार आहे.

ते भांडवल कोणाचे? सरकारचे, बँकांचे, मोठ्या कंपन्यांचे तर आहेच. पण देवस्थानांचाही यात वाटा असू शकतो, आणि तो महाराष्ट्रात पूर्वीच उचलला गेला आहे. दोन उदाहरणे सांगतो.

पहिले उदाहरण पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याचे. १९७२ च्या दुष्काळाने तो मुलूख होरपळून निघाला होता. पुण्यातील एक कारखानदार अभियंता विलासराव साळुंखे तेथे गेले. नायगाव या खेड्यात देवस्थान ट्रस्टची सुमारे ४० एकर ओसाड, चढउताराची जमीन होती. ती त्यांनी ५० वर्षांच्या कराराने घेतली. तेथे बांध घातले, ओघळीचे पाणी अडविले, विहीर केली आणि माळावर पिके उभी केली. या प्रयोगातून १९७४ च्या सुमारास पाणी पंचायतीची कल्पना निघाली. तिचे नियम आजही डोळे उघडणारे आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचे नाही, माणशी अर्ध्या एकरापुरते द्यायचे, आणि एका कुटुंबाला अडीच एकरांहून अधिक नाही. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा हक्क. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा. बंधूंनो, या कथेत देवस्थानाने काय गमावले? ज्या जमिनीत कुसळे उगवत होती ती एका शहाण्या माणसाच्या हाती दिली, एवढेच. पण त्या एका निर्णयातून साऱ्या महाराष्ट्राला पाणी वाटण्याचा नवा न्याय मिळाला. देवाची जमीन अशी फळास येते.

दुसरे उदाहरण शिर्डीचे, आणि ते आपल्या स्वयंपाकघराच्या जवळचे आहे. श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात रोज हजारो भक्त जेवतात. तेथे २००९ साली छतावर ७३ मोठ्या आरशांच्या थाळ्या बसविण्यात आल्या. वोल्फगांग शेफलर नावाच्या युरोपीय संशोधकाच्या नावाने त्या ओळखल्या जातात. या थाळ्या सूर्याबरोबर फिरतात, ऊन एका ठिकाणी एकवटतात आणि पाण्याची वाफ करतात. त्या वाफेवर भात-वरण शिजते. यात शहाणपणाची गोष्ट अशी की, जुना बॉयलर त्यांनी मोडीत काढला नाही. आभाळ भरून आले की गॅस पेटतो, ऊन पडले की गॅस विझतो. देवाचे अन्न अडत नाही आणि इंधन वाचते. नवे आणताना जुन्याचा आधार एकदम काढून घेऊ नये, हे यातून घेण्यासारखे आहे.

आपल्या देवळात शिर्डीची गर्दी नाही, हे मला ठाऊक आहे. पण उत्सवाच्या आठ दिवसांत महाप्रसादाचे खरकटे किती निघते आणि ते कोठे जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने स्वयंपाकघरातील पिष्टमय टाकाऊ अन्नावर चालणारे छोटे गोबरगॅससारखे संयंत्र तयार केले, त्याला २००६ साली आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. शेणाच्या मानाने फारच थोड्या खरकट्यात त्याचे काम भागते. देवळाच्या मागे असे एक संयंत्र ठेवले, तर निदान रोजच्या नैवेद्याची चूल त्यावर चालेल, आणि उरलेली मळी फुलझाडांस जाईल. ही गुंतवणूक लहान आहे, पण ती भक्तांच्या डोळ्यांसमोर राहील. एखाद्या सुनेने ती पाहून आपल्या घरी तसे केले, तर तोच तिचा खरा नफा.

आता छताकडे येतो, कारण मोठा हिशेब तेथे आहे. सभामंडपाच्या मागील भक्तनिवासाचे छप्पर दिवसभर तापत असते. शिखराला किंवा गाभाऱ्याला हात न लावता तेथे १० किलोवॉटची सोलर पॅनेल बसू शकतील. त्यांना साधारण हजार चौरस फूट जागा लागते. खर्च ६ लाख रुपये धरू. आपल्या भागात १ किलोवॉट वर्षाला सुमारे १,४०० युनिटे देते, म्हणजे एकूण १४,००० युनिटे. पॅनेल दरवर्षी थोडी थोडी मंदावतात, म्हणून २५ वर्षांची सरासरी मी १३,००० धरतो. युनिटला ७ रुपये वाचले, तर वर्षाला ९१,००० रुपये झाले. धूळ धुणे, दुरुस्ती, आणि दहा-बारा वर्षांनी बदलावा लागणारा इन्व्हर्टर यांसाठी ११,००० बाजूला काढा. उरले ८०,०००.

येथे बहुतेक विक्रेते थांबतात आणि म्हणतात, पाहा, साडेसात वर्षांत पैसे फिटले, पुढचे सारे फुकट. मी हिशेबनीस आहे, मी थांबत नाही. बँकेत ६ लाख ठेवले तर शेवटी मुद्दल परत मिळते. पॅनेलचे मात्र २५ वर्षांनी भंगार होते. म्हणून घसारा धरला पाहिजे. ६ लाखांस २५ ने भागले तर वर्षाला २४,००० आले. ते राखून ठेवले, तरी ५६,००० उरतात. ७ टक्क्यांच्या मुदत ठेवीत ६ लाखांवर ४२,००० मिळाले असते. म्हणजे सर्व वजावट करूनही देवाचे १४,००० रुपये दरसाल अधिक वाचतात. विजेचा दर वाढला तर ही बचत वाढेल. ठेवीचे व्याज मात्र वाढेलच याची खात्री नाही. याखेरीज वर्षाला नऊ टनांच्या आसपास कर्बवायू हवेत जाण्याचा वाचतो, तो मी रुपयांत मोडलेला नाही. तो आपल्या नातवंडांच्या खात्यावर जमा आहे.

संध्याकाळच्या आरतीला सूर्य नसतो, मग काय, असे कोणी विचारील. दिवसा जी जास्तीची वीज तयार होते ती जाळ्यात जाते, आणि संध्याकाळी घेतलेल्या विजेशी तिची वजावट होते. या व्यवस्थेस नेट मीटरिंग म्हणतात. तिचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून वीज कंपनीकडून लेखी मंजुरी हाती आल्यावाचून एक रुपयाही देऊ नये. आणखी एक लक्षात घ्यावे. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट व त्याहून मोठ्या संयंत्रास ७८,००० रुपयांपर्यंत जे साहाय्य ठरले, ते घरगुती ग्राहकांसाठी होते. देवळाच्या छतासाठी नव्हते. म्हणून वरील आकड्यांत मी साहाय्याचा एक पैसाही धरलेला नाही. महाजन कुटुंबांनी मात्र आपापल्या घरांसाठी त्याची चौकशी अवश्य करावी.

छताइतकाच राखीव निधीचाही विचार करावयास हवा. ही रक्कम आज मुदत ठेवीत आहे आणि ती तशी सुरक्षित आहे. पण सुरक्षितता न सोडता तिचा काही अंश दुसरीकडे वळविता येतो. भारत सरकारने २०२३ च्या जानेवारीत प्रथमच हरित रोखे काढले. त्या पहिल्या रोख्यांना पाच वर्षांच्या मुदतीसाठी ७.१० टक्के आणि दहा वर्षांसाठी ७.२९ टक्के व्याज ठरले. हा पैसा सौरऊर्जेसारख्या कामांसाठीच वापरण्याचे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. पुढे काही लिलावांत बोली थंड राहिली हेही खरे आहे. परंतु परतफेडीची हमी सरकारचीच असल्याने मुद्दलाची चिंता नाही. त्याच वर्षीच्या जूनपासून रिझर्व्ह बँकेने बँकांच्या हरित ठेवींनाही नियम लावले. त्यामुळे अशा नावाने ठेव घेणाऱ्या बँकेला, पैसा कोठे लावला याचा हिशेब द्यावा लागतो.

आपल्या राज्यातले एक उदाहरण तर विशेष अभिमानाचे आहे. इंदूर हे अहिल्याबाईंचे नाव सांगणारे शहर. त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या आणि त्यांचा उपयोग शतकांनंतरही होत आहे. त्या इंदूरला पाणी नर्मदेवरून जलूद येथून वर चढवून आणावे लागते, आणि त्या पंपांच्या विजेवर महापालिकेचे कोट्यवधी रुपये जातात. २०२३ च्या फेब्रुवारीत इंदूर महापालिकेने खरगोन जिल्ह्यात ६० मेगावॉटचा सौरप्रकल्प उभारण्यासाठी २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले, आणि ते सामान्य नागरिकांनाही खुले ठेवले. व्याज ८.२५ टक्के. मागणी सुमारे सहापट आली. विचार करा, ज्या नळाचे पाणी प्यायचे त्या नळाच्या विजेसाठी शहरातल्या माणसानेच पैसा द्यावा आणि त्यावर व्याज घ्यावे. लोकवर्गणीची आपली जुनी रीतच ही, फक्त तिला व्यवहाराचे रूप दिले.

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यास नवी कार्यालये, रस्ते, पाणीयोजना लागणार. उद्या आपल्या नगरपालिकेनेही असे काही करावयाचे ठरविले, तर त्याची पारख करणारे आणि त्यावर विश्वास ठेवणारे जाणते लोक गावात असले पाहिजेत. ते महाजनांतून निघावेत, अशी माझी इच्छा आहे.

आता सावधगिरीचे तीन शब्द, कारण नुसते गोड बोलून मी गेलो तर ते पाप होईल.

पहिला शब्द फसवणुकीचा. नव्वदीच्या दशकात सागाची झाडे लावणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले होते. एक झाड घ्या, वीस वर्षांनी लाखांचे होईल, अशा त्यांच्या जाहिराती. आमच्या घरातूनही असा पैसा गेला. कागदावर झाडाचे रंगीत चित्र होते, प्रत्यक्ष झाड कोणी पाहिले नाही, आणि मुद्दलही परत आले नाही. त्या कंपनीचे नाव मी घेत नाही. नावे बदलतात, रीत तीच राहते. अशा योजनांसाठी सरकारच्या नियामक मंडळाला १९९९ मध्ये कडक नियम करावे लागले. आता हिरव्या नावाने तोच व्यापार पुन्हा येऊ शकतो. तेव्हा नियम करा : जेथे व्याज बाजारापेक्षा फार अधिक सांगितले जाते तेथे देवाचा पैसा जाणार नाही. धर्मादाय संस्थेने पैसा कोठे गुंतवावा याचे मार्ग आयकर कायद्यानेही आखून दिले आहेत. सरकारी रोखे त्यांत बसतात. इतर कोणतेही रोखे घेण्यापूर्वी सनदी लेखापालाचा लेखी अभिप्राय घ्यावा.

दुसरा शब्द पाण्याचा. २०१९ पासूनच्या कुसुम योजनेने शेतात सौरपंप येऊ लागले. डिझेलचा धूर गेला, रात्रीची जागरणे गेली, ही मोठीच सोय झाली. पण विजेला पैसे पडत नाहीत म्हटल्यावर पंप बंद करण्यास हात उठत नाही. शेजारच्या वरूड-मोर्शी भागाची नोंद भूजलाच्या अतिशोषणासाठी झालेली आहे. आपले खडक त्यांच्याहून वेगळे नाहीत. सूर्याच्या शक्तीने विहीर कोरडी केली, तर ती कोळशाने कोरडी केल्याहून पुण्याची ठरणार नाही. म्हणून सौरपंपाबरोबर ठिबक हवे, आणि विहिरीजवळ पुनर्भरणाचा खड्डा हवा. माझ्या वडिलांच्या बागेची आठवण मी उगाच काढलेली नाही.

तिसरा शब्द माणसांचा. खाणीत आणि वीज केंद्रात काम करणारा माणूस आपलाच आहे. धूर कमी करायचा म्हणून त्याची चूल विझवायची, हा न्याय नव्हे. नव्या कामाचे शिक्षण त्याच्या मुलांना मिळेल अशी तजवीज असल्याखेरीज कोणतीही अर्थव्यवस्था टिकाऊ होणार नाही. देवस्थानच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून दरवर्षी दोन-तीन मुलांना सौर संयंत्रे बसविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण देता येईल. आपल्या छतावरची पॅनेल धुण्यास आणि तपासण्यास मग बाहेरचा माणूस शोधावा लागणार नाही.

शेवटी, जी गोष्ट येथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात आहे आणि जिच्यावरून गेल्या सभेत आवाज चढले होते, तिच्याकडे येतो. महाद्वारासाठी निधी जमला आहे. काहींचे म्हणणे, द्वार आधी. काहींचे म्हणणे, छत आधी. मी महाद्वाराच्या विरुद्ध नाही. देवळाचे द्वार भव्य असावे, ते पाहून लेकरांच्या मनात भक्ती यावी, ही इच्छा पवित्रच आहे, आणि ज्यांनी वर्गणी द्वारासाठी दिली त्यांच्या संमतीवाचून ती दुसरीकडे वळविणे हा विश्वासघात होईल. म्हणून माझी विनंती एवढीच : द्वाराचा निधी द्वारासाठीच राहो. छतासाठी राखीव निधीतून ६ लाखांचा ठराव पुढील सर्वसाधारण सभेपुढे यावा. त्याचा वेगळा जमाखर्च ठेवावा. दरवर्षी वर्धापनदिनी किती युनिटे झाली, किती रुपये वाचले, घसाऱ्याचे किती बाजूला टाकले, हे फलकावर लिहावे. वाचलेल्या पैशांतून प्रथम देवळाच्या जुन्या विहिरीचे पुनर्भरण करावे. माझा हिशेब चुकला तर तो फलकच सांगेल, आणि चुकल्यास मी सर्वांसमक्ष तो मान्य करीन.

मला पुढील पाच वर्षे पाहावयास मिळतील की नाही, हे देव जाणे. बाग लावणाऱ्या म्हाताऱ्याने तो विचार करायचा नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामेच्या पात्रात साऱ्या गावाचे बळ दोन तीरांवर उभे राहते. तेच बळ एका तीरावर आणून एक विहीर भरण्यास लावले, तर काय होईल, याची मी कित्येक वर्षे कल्पना करीत आलो आहे. ज्यांनी हे देऊळ बांधले, त्यांना आपली नावेही धड ठाऊक नव्हती. तरीही त्यांनी आपल्यासाठी सावली ठेवली. आपल्यालाही ज्यांची नावे ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी आपण काय ठेवणार, याचा निर्णय सभेच्या हाती आहे.

 देव आपणां सर्वांस सद्बुद्धी आणि वेळेवर पाऊस देवो, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.